नानांचा नाच आणि आमचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त मला कळतं. हे मी म्हणत नाही, आमचं ऑफिस म्हणतं. एकदा तिथला प्रिंटर मी बंद करून परत चालू केला आणि तो चालला. तेव्हापासून मी तज्ज्ञ आहे.

गेल्या दिवाळीनंतर केम गावची आत्या आमच्याकडे सोलापूरला आली ती एकच काम घेऊन. आत्याचे यजमान, आमचे नाना, उन्हाळ्यात गेले. मागे फोटो राहिला तो आधार कार्डावरचा, आणि त्यात ते कुणावर तरी धावून निघाल्यासारखे दिसतात. हलतेबोलते नाना आता एकाच ठिकाणी होते, माझ्या लग्नाच्या डीव्हीडीत. वरातीत ते नाचले होते.

"एकडाव बगते अन् संध्याकाळच्या गाडीनं जाते," आत्या म्हणाली.

डीव्हीडी प्लेयर कधीच भंगारात गेला होता. उरला माझा जुना कॉम्प्युटर (माझा अभिमान, बायकोच्या भाषेत अडगळ). मी डिस्क घातली. बँजो सुरू झाला, फेटा बांधलेले नाना आले, त्यांनी उजवा हात वर केला आणि तसेच थांबले. बऱ्याच वेळानं हात खाली आला. परत थांबले. बँजोसुद्धा मध्येच गप्प होत होता.

"जितेपणी बी असंच व्हतं ह्यांचं," आत्या म्हणाली. "एक पाऊल टाकायचं अन् इचार करत बसायचं."

असं म्हणाली खरी, पण पदर डोळ्याला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कामाला लागलो. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण माझी सगळी कीर्ती त्यावरच उभी आहे. नाना अजून हात वर करूनच. मग डिस्क टूथपेस्टनं घासली. विजेचा दाब कमी असेल म्हणून पंखा आणि फ्रिज बंद केला. मग लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करून झापलं. त्यानं कॅमेरा सोडून केव्हाच शेंगाचटणीचं दुकान टाकलंय.

"दादा, चटणीत काय खोट असंल तर सांगा," तो म्हणाला. "लग्नाला आता लई वर्सं झाली."

शेवटी मी कॉम्प्युटर उघडला. रॅमची पट्टी काढली, मुलीच्या खोडरबरानं पुसली आणि परत बसवली. यानंतर नाना थांबायचे बंद झाले. कारण कॉम्प्युटरच चालू होईना.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "आत्याची गाडी सहाला आहे. मी श्रीनिवासला बोलावते."

श्रीनिवास आमच्याच गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो आला, पट्टी दाबून नीट बसवली, डिस्क लावली आणि कान लावून ऐकत राहिला.

"व्हिडिओत खोट न्हाई दादा. हा ड्राइव्ह डिस्क हळू वाचतोय. पुढचं वाचून हुईपर्यंत चित्र वाट बघत थांबतंय." मग त्यानं ड्राइव्ह खोलला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यात झेंडू कसा काय आला?"

आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. डिस्क वाचणाऱ्या भिंगावर कुंकवाचा थर होता.

आता सांगणं भाग होतं. खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटरला नुसतं बाहेरून हळदकुंकू लावून काय उपयोग, म्हणून मी डिस्कचा ट्रे उघडून थेट गाभाऱ्यात फुलं-कुंकू वाहत होतो. सलग सहा वर्षं, आंघोळ करून.

"भाव चांगला हाय," श्रीनिवास म्हणाला. त्यानं सगळं झाडलं, भिंग पुसलं. "तरी ड्राइव्ह म्हातारा झालाय. डिस्कवरनं थेट बघू नका. आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, मग बघा."

ते उतरवून घेणं काही केल्या पुढे सरकेना. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं चालली होती. आत्या मांडीवर पिशवी घेऊन तिच्यासमोर बसली. बायकोनं दोनदा चहा केला. पाच वाजले. ही बाई नानांना न बघता परत गेली तर मी तिला तोंड कसं दाखवणार होतो?

सव्वापाचला पट्टी भरली. बँजो सुरू झाला. नानांनी उजवा हात वर केला, खाली आणला, गिरकी घेतली, फेट्याचा शेमला उडवला, आणि कुठेही न थांबता नाचत राहिले. आत्यानं पडद्याला हळूच बोट लावलं. माझेही डोळे भरून आले. श्रीनिवास उगाचच पेचकस पुसत बसला.

"लई ग्वाड नाचलं की," आत्या म्हणाली.

तेवढ्यात नानांनी पडद्यावर नवरदेवाला, म्हणजे मला, नाचायला पुढे ओढलं. कॅमेरा माझ्यावर आला.

आत्या हळहळली. "आगं बया, परत आडकलं की."

श्रीनिवास घाईनं पुढे वाकला. बायकोनं त्याला हातानं थांबवलं.

"अडकलं नाही आत्या," ती म्हणाली. "हे नाचतायत."