मामलेदाराची धिंड

ॲन आर्बरला माझा धाकटा मुलगा पाचवीत असताना त्याच्या वर्गाने एक जुनी मिरवणूक पुन्हा काढायची ठरवली. अमेरिकेतही एके काळी इंग्रजांचं राज्य होतं आणि कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांचे पेंढ्याचे पुतळे करून लोक त्यांची गावभर धिंड काढत. मी घरी कपडे शिवते हे मुलाने वर्गात सांगून टाकलं होतं. टीचरचा फोन आला, पुतळ्याला कोट शिवून द्याल का. मी हो म्हटलं. बेसमेंटमध्ये पुतळा आडवा घालून मापं घेतली आणि दोन दिवसांत कोट दिला.

मिरवणूक शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये निघाली. मुलं डबे बडवत होती. इतर आयांसारख्या मीही टाळ्या वाजवल्या.

रात्री जेवताना मुलाने विचारलं, इंडियात असं करायचे का?

"करायचे," मी म्हटलं. "माझ्या वडिलांचीही काढली होती."

माझे वडील तेव्हा तालुक्याच्या गावी मामलेदार होते. चळवळीचे दिवस होते. त्यांनी शाळेतली काही मुलं कोठडीत टाकली, त्यानंतर त्यांचा पुतळा गाढवावर बसवून आमच्या दारावरून नेला. आईने खिडक्या लावून घेतल्या. मी फटीतून पाहिलं. पगडी आणि चष्मा हुबेहूब होता. वडील दाढी करत होते. ती पुरी करून ते वेळेवर कचेरीत गेले. घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मुलाने इंग्रजीत विचारलं, आजोबा वाईट होते का? मला माहीत नाही, असं मी म्हटलं. मग त्यांनाच विचार, तो म्हणाला.

मी पत्र टाकलं. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. महिन्याभराने उत्तर आलं. बरंचसं गुडघ्यांविषयी होतं. मध्ये एवढंच: "पुतळा आपल्या शिंप्याने केला होता. माझी मापं त्याच्याकडे होतीच. पुढेही कपडे मी त्याच्याकडेच टाकत राहिलो. त्या मुलांना सोडता आलं असतं. मी सोडलं नाही."

मुलाला मी ते इंग्रजीत सांगितलं. पत्र शाळेत नेऊ का, त्याने विचारलं. मी नको म्हटलं.