शेगावला माझा आवाज राहिला

साखरखेर्ड्याच्या स्टँडवर आम्ही चिखलीच्या गाडीत चढलो, तेव्हा मला कुणाचाही राग आलेला नव्हता. हे आधी लिहिते, कारण घरी सगळ्यांना मी प्रवास चांगला झाला एवढंच सांगितलं आहे. त्या सकाळी मी इतकी खूश होते की दशम्या (दुधात मळलेल्या भाकरी) फडक्यात बांधल्या आणि चटणी घरीच विसरले.

माझी मोठी मुलगी सुजाता अकरावीत आहे. पुण्याची एक संस्था मुलांना शिष्यवृत्ती देऊन वर्षभर परदेशात पाठवते. तिकडच्या एका कुटुंबात राहायचं, तिकडच्या शाळेत जायचं, त्यांचं शिकायचं आणि आपलं त्यांना दाखवायचं. सुजाताची जपानसाठी निवड झाली होती, पण नाव शिबिरानंतर पक्कं होणार होतं. सगळा खर्च संस्थेचा. जाण्याआधी शेगावला शिबिर होतं आणि सोबत आई किंवा वडील हवे होते. तिचे वडील जालन्याला गवंडीकामावर, म्हणून मी निघाले. मी चौथीपर्यंत शिकलेली, रोजाने शेतात जाणारी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सुजाताने गाडीत चढताच बजावलं, "माय, तिथं कोणी काही विचारलं त फक्त हाव म्हणजो. बाकीचं मी पाहीन."

लव्हाळा गावापर्यंत बसायला जागा नव्हती. चिखलीला गाडी बदलली आणि खामगावच्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलांवर होत्या, मधे मधे हरभरा. अमडापूर गेलं, उंद्री गेली, आणि रस्ता खाली उतरायला लागला. आमच्या जिल्ह्याला जणू दोन मजले आहेत. आम्ही घाटावरचे. हा डोंगर उतरला की घाटाखाली, तिथे माती काळीभोर, कापूस आमच्यापेक्षा उंच आणि पाणी खारं. वळणांवर माझं डोकं गरगरलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं.

"हुंगत राय. कुठं जाऊन राह्यली?"

"शेगावले."

"दर्शनाले?"

"नाही. पोरीचं काम हाय. जपानले जाऊन राह्यली ते."

म्हातारीने सुजाताकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या दूर काऊन देली वो पोरगी? इकडं पोट्टे नव्हते काय?"

सुजाता खो खो हसली. मीही हसले. त्या प्रवासातलं माझं शेवटचं मोकळं हसणं तेच.

शेगावला स्टेशनच्या बाजूच्या एका लॉजमध्ये सोय होती. पाण्याला खारट चव, चहालासुद्धा. शिबिराला आलेली बाकीची मंडळी दर्शनाला गेली. आम्ही बौद्ध, म्हणून आम्ही दोघी बाजारात फिरलो, गरम कचोरी खाल्ली आणि वरून तळलेली मिरची. सुजाता म्हणाली, जपानमध्ये हे मिळणार नाही. मी म्हणाले, पोट बिघडवणारं काहीतरी तिथेही मिळत असेल.

दुपारी लॉजच्या हॉलमध्ये सगळे जमले. मुलं थोडीच होती, आमच्या भागातली. पुण्याहून आलेल्या मॅडम फार गोड बोलत होत्या. हे मुद्दाम लिहिते. त्या तोडून बोलल्या असत्या तर माझा राग सोपा झाला असता. त्यांनी मला ताई म्हटलं, पंख्याखाली बसवलं, स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. सुजाताने मला "माय" अशी हाक मारली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तिकडच्या लोकांसमोर आई म्हण हं. माय ऐकून ते गोंधळतील." सुजाता लगेच "हो मॅडम" म्हणाली. हाव नाही, हो.

मग त्यांनी ज्या घरी सुजाता राहणार त्या घराचा फोटो दाखवला. मिचिको नावाची बाई, तिचा नवरा, एक मांजर. बाईचे केस माझ्यासारखेच कानाजवळ पांढरे. मागे भिंतीशी लाकडी कपाटासारखा छोटा देव्हारा होता आणि त्यात बुद्ध. मला इतका धीर आला की काय सांगू. परक्या मुलखात, ज्यांची बोली आम्हाला ठाऊक नाही अशा घरात, भिंतीशी ओळखीचं कुणीतरी बसलेलं.

आता प्रत्येक घराचा एक व्हिडिओ करून तिकडच्या कुटुंबाला पाठवायचा होता. मुलगी आणि आई मिळून घरातलं काहीतरी करून दाखवतील, आणि आई त्या दुसऱ्या आईशी दोन शब्द बोलेल. सुजाताने सुचवलं, "मॅडम, आम्ही बुद्धपौर्णिमेला खीर करतो. बुद्धांना सुजाता नावाच्या बाईने खीर दिली होती. माझं नाव त्याच्यावरूनच ठेवलं."

मला वाटलं, मॅडम खूश होतील. त्या म्हणाल्या, "छान आहे गं. पण बुद्ध त्यांच्याकडे आहेतच ना. आपण वेगळं काहीतरी दाखवायचं, आपलं. उकडीचे मोदक करू या. नऊवारी, नथ, पाट, सगळं मी आणलंय."

मी हाव म्हणायचं विसरले. "आमच्यात गणपती बसत नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी माझा हात हातात घेतला. "ताई, आमच्यात-तुमच्यात असं नका म्हणू. सगळं आपलंच आहे."

आपलं म्हटलं की भांडायला जागाच राहत नाही. पण त्यांच्या त्या 'आपल्या'त खीर नव्हती, माय नव्हती, मी होते ती फक्त नऊवारी गुंडाळायला.

देऊळगाव राजाची एक पाटलीणबाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मुलाला फेटा बांधून हातात लाकडी तलवार दिली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "अवो, आम्ही गणपती बसवतो, पण आम्ही बी पुरणपोळीवाले. हे उकडीचं काय असते ते मी बी आजच पाहून राह्यली."

"मंग सांगा ना त्यायले."

"तुम्ही सांगितलं ना? काय झालं?" असं म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

मला हिरवी नऊवारी नेसवली. नथ चापाची होती, नाकाला चिमटा काढून बसली. समोर उकड आली. मी पारी केली, सारण भरलं, पण कळ्या काही पडेनात. माझा मोदक करंजीसारखा आडवा झाला. कॅमेरावाले काका म्हणाले, हात जवळून घ्यायचे आहेत. तेव्हा मॅडम माझ्या शेजारी बसल्या, त्यांनी माझ्यासारख्याच हिरव्या बांगड्या चढवल्या आणि भराभर कळ्या पाडल्या. कॅमेऱ्यात हात त्यांचे आले. सुजाता हसून कॅमेऱ्याला सांगत होती, "आमच्या घरी दरवर्षी गणपती बसतो आणि आई असे मोदक करते." इतकं सफाईने बोलली की क्षणभर मला वाटलं, खरंच बसत असेल.

मधल्या वेळात मी तिला कोपऱ्यात धरलं. "खोटं काऊन बोलली?"

"माय, मले जायचं हाय," ती दातओठ खात म्हणाली. "मोदक त मोदक. तू उद्यापर्यंत गप राय ना. अजून नाव पक्कं नाही झालं."

तिचं खरं होतं. नाव मॅडमच्या शब्दाने पक्कं होणार होतं. मी नथ सारखी केली आणि पाटावर जाऊन बसले.

मग माझी पाळी आली. मॅडम म्हणाल्या, "ताई, आता तुमच्या मनातलं त्या आईला सांगा. मोकळेपणाने." एवढ्या लोकांसमोर, नाकात ती नथ, समोर दिवे. पण हे मला सांगायचंच होतं. खरं तर मी शेगावला त्याच्यासाठीच आले होते. मी त्या काळ्या गोल काचेकडे पाहिलं आणि त्यात मिचिकोबाईचे पांढरे केस आठवले.

मी म्हणाले, "बाई, माझी पोरगी बिमार पडली का सांगत नाही. ते हसते. नववीत तिले कावीळ झाली, डोळे पिवळे होईपर्यंत आम्हाले समजलं नाही. लय हसून राह्यली त तिच्या हसण्यावर जाऊ नका. कपाळाले हात लावून पाहा. एवढंच करा, बाई."

पाटलीणबाईने डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर बोललात, ताई." सुजाता मात्र माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव पक्कं झालं. आम्ही पिशव्या उचलून बस स्टँडवर आलो आणि तिच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. तिकडे रात्रीच पाठवला, असं खाली लिहिलं होतं. आम्ही बाकावर बसून पाहिला. हिरव्या नऊवारीत मी दिसत होते. हात मॅडमचे. शेवटी मी बोलायला लागले, माझे ओठ हलले, आणि त्यातून मॅडमचा आवाज आला. "नमस्कार. आमच्याकडे गणपतीला उकडीचे मोदक करतात. माझ्या लेकीकडून तुम्ही नक्की शिका. आपल्या दोन देशांचं नातं असंच गोड राहो."

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. कपाळाले म्हणताना माझा हात कपाळाकडे गेला होता, तो तेवढा राहिला होता. कुणाला वाटेल, ही बाई नमस्कार करते आहे.

"जाऊ दे ना, माय."

"स्टेशनवर चाल. मॅडम अजून तिथंच असतीन."

"माय, गाडी लागली आपली!"

"लागू दे."

मॅडम प्लॅटफॉर्मवर सामान घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्यांना आनंदच झाला. मी म्हणाले, "माझं बोलणं काढलं तुम्ही."

"अहो ताई, तुमचा आवाज फार बारीक आला होता. आणि तिकडचं मशीन प्रमाण भाषेचंच भाषांतर करतं, कपाळाले वगैरे त्याला कळत नाही."

"मंग तुम्ही तुमच्या भाषेत सांगा. 'कपाळाला' म्हणा. पण तेच सांगा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तिची तपासणी झाली आहे, सगळं चांगलं आहे. आता आई स्वतः कावीळ, आजार असं कॅमेऱ्यावर बोलली तर ते कुटुंब घाबरेल. नाही म्हणाले तर ही जागा दुसऱ्या मुलाला जाईल. मी तुमच्या भल्यासाठीच काढलं."

सुजाताने मागून माझा पदर ओढला. मॅडमची गाडी आली. मला ओरडायचं होतं आणि काय ओरडायचं ते कळत नव्हतं. मॅडमनी डब्याच्या दारातून हात हलवला. आणि मी, मी सवयीने हात जोडले. त्या हातांचा मला अजून राग येतो.

परतताना खामगावला गाडी बदलली. घाट चढायला लागला तशी ती माझ्याकडे बघून हसली.

"हसू नको," मी म्हणाले. "म्हण, मले बरं नाही."

"काय?"

"म्हण. माय, मले बरं नाही."

"मले काय झालं?"

"तिथं कोणी तुह्या कपाळाले हात लावणार नाही. त्यायले कोणी सांगितलंच नाही. तुलेच तोंड उघडा लागन. म्हण."

ती पुटपुटली. मी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली. मी म्हणाले, भिंतीला सांगते काय, मिचिकोबाईला सांग. तिचे डोळे भरले. ती जोरात म्हणाली, "माय, मले बरं नाही!" गाडीतली सगळी माणसं वळली. कंडक्टर तिकिटांची बॅग सांभाळत मागे आला.

"काय होऊन राह्यलं पोरीले? गाडी थांबवू काय?"

एरवी मी पदरात तोंड घातलं असतं. त्या दिवशी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले. "काही नाही झालं, भाऊ. सांगायले शिकून राह्यली."

"अशी शिकवणी पाह्यली नव्हती बा," असं म्हणत तो पुढे गेला. सुजाता नाक पुसत हसली, मग माझी नजर पाहून तिने हसू आवरलं. चिखली येईपर्यंत तिने मोबाईलमधून तेच वाक्य जपानीत शोधलं. मला ते म्हणता येत नाही. ती म्हणते तेव्हा नीट वाटतं.

गावात आता सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला आहे. शेजारची म्हणते, "किती शुद्ध बोलल्या तुम्ही, पुण्याच्याच वाटता." ती मनापासून म्हणते, म्हणून मी उत्तर देत नाही. सुजाताने जावं असंच मला वाटतं, आणि ती जाईल. तिकडचं शिकेल, शहाणी होईल. शिष्यवृत्ती देणारे चांगलं काम करतात हे मलाही कळतं. म्हणून माझ्या रागाला कुठे जागा मिळत नाही, तो मनातच फिरत राहतो. आपलं दाखवायला नेतात आणि आमचं एवढंसं पुढे जाऊ देत नाहीत.

मिचिकोबाईने व्हिडिओ पाहिला असेल. मोदक बघून तिला कौतुक वाटलं असेल. तिला काय ठाऊक, त्या हलणाऱ्या ओठांनी मी माझी मुलगी तिच्या ओटीत घालत होते.