भिंतीवरचं लाल-हिरवं

२०२३ साल, उन्हाळ्याची सुरुवात. जळगावला आमच्या शेव-फरसाणाच्या कारखान्यात शेठनी ऑफिसच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला. आधीच्या सगळ्या नोकरीत जमले नाहीत एवढे किस्से त्या टीव्हीनं जमवून दिले. मी धुळे डेपो सांभाळायचो. शिक्षण चौथी. आता घरी बसलोय, पण सोमवार उजाडला की हात अजून फोनकडे जातो.

टीव्हीवर एक तक्ता असे. प्रत्येक डेपोचा या आठवड्याचा खप, मागच्या आठवड्याचा खप आणि फरक टक्क्यांत. वाढला तर हिरवा, घटला तर लाल. ऑफिसच्या वैशालीताईंनी तो बनवला होता. आमच्या फोनवरही यायचा.

पहिल्याच सोमवारी सकाळी शेठचा फोन.

"नाना, सगळे डेपो लाल. धंदा बसला काय?"

"शेठ, आठवडा आत्ता सुरू झाला. गाड्या अजून भरताहेत."

तक्ता अर्ध्या सकाळची तुलना अख्ख्या आठवड्याशी करत होता. ताईंनी दुपारपर्यंत दुरुस्त केला. पुढे फक्त पूर्ण झालेले आठवडे धरले.

शेठ म्हणाले, "ते ठीक. मी बीपीची गोळी घेतली, ती कुठे धरायची?"

चाळीसगावचा प्रकाश मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर डेपो बंद ठेवून बसला. परत आल्यावर त्यानं दणकून माल विकला. तक्त्यात त्याच्यापुढे टक्के नाहीत, नुसती रिकामी जागा.

"ताई, एवढी धावपळ केली आणि माझं घर रिकामं?"

"मागचा आठवडा शून्य होता, प्रकाशभाऊ. शून्यावरून वाढ टक्क्यांत निघत नाही."

"मग बायकोला तेवढं समजावा. लग्नाआधी तुम्ही शून्य होता, माझ्यामुळे वाढलात, असं रोज ऐकवते."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात सगळी भिंत लाल. शेठनी मीटिंग बोलावली. मालात खोट आहे का, भाव चढा आहे का, अर्धा तास तेच.

मी विचारलं, "शेठ, आखाजीला तुमच्या घरी शेवभाजी होती?"

"नाही. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी."

मीटिंग संपली.

आता हिंमतभाऊंचं. ते दोंडाईचा डेपोला. टीव्ही येण्याच्या खूप आधी माझा पाय मोडला होता. महिनाभर त्यांनी स्वतःची गाडी माझ्या साक्रीच्या लाइनवर, दुकानादुकानांतून, फिरवली. आमच्याकडे ज्याची गाडी, त्याच्या नावावर बिल, अशी रीत. त्यांनी मात्र प्रत्येक बिल माझ्या नावावर फाडलं. म्हणून माझी नोकरी राहिली. मी म्हटलं होतं, "हे फेडीन." ते हसले होते.

त्या पावसाळ्यात दोंडाईचा दर सोमवारी लाल. धुळं हिरवं. तो पहिला चुकीचा सोमवार आणि आखाजी सोडली तर धुळं कधीच लाल झालं नव्हतं, आणि मी ते चारचौघांत सांगायचो.

मीटिंगला गेलो तेव्हा हिंमतभाऊ दाराशीच भेटले.

"नाना, मना डेपो बठ्ठा लाल शे." माझा डेपो सगळा लाल आहे, असं त्यांच्या अहिराणीत.

आत शेठ म्हणाले, "दोंडाईचा बंद करू. धुळ्यातून माल पाठवत जाऊ."

स्वतःसाठी भांडणं हिंमतभाऊंना जमायचं नाही. त्यांचा स्वभावच तसा. मी उभा राहिलो.

"शेठ, माल धुळ्यातूनच जातोय. त्यांच्या गाडीचं इंजिन हळूहळू बसत गेलंय. त्यांची एकेक लाइन माझ्या गाडीवर येत गेली आणि रीतीप्रमाणे बिल माझ्या नावावर पडत गेलं. दुकानं त्यांची, खपही त्यांचा. ताई, गाडी कुणाची ते सोडा. दुकान कुणाचं ते धरा."

वैशालीताई म्हणाल्या, "नाना, तुमचं धुळं लाल होईल. सगळ्यांसमोर."

"करा."

त्यांनी केलं. दोंडाईचा हिरवं झालं. धुळं लाल. शेठ म्हणाले, "हिंमत, इंजिनाचं आजच बघून घे."

हिंमतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"फिटलं, नाना."