हेल्मेटवरची सोंड

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात परदेशात, सिटीवेस्ट नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरात मी आणि माझी आई अडकून पडलो होतो. आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली, विमानं बंद झाली आणि ती इथेच राहिली. "चार वर्षं झाली तुला इथे, आणि शेजारी एकदा चहाला आला नाही? काय रे हे जिणं!" हे तिचं रोजचं पालुपद. मला ते लागायचं, कारण खरं होतं. शेजाऱ्याशी माझं बोलणं पाऊस आणि कचऱ्याचे डबे यापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

आणि एक दिवस त्यानेच कुंपणावरून हाक मारली. तो एका हौशी टीमचा कोच. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. टीमच्या नव्या हेल्मेटवर त्याला हत्तीचा लोगो हवा होता. "तू कॉम्प्युटरवाला, तुला ड्रॉइंग येत असेल ना?"

शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत मी नापास झालोय. पण चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी काही मागत होतं. "येतं की!" म्हणालो.

मग काय, लोगो दाखवायला आधी हेल्मेटच काढता यायला हवं, म्हणून व्हिडिओ लावून बसलो. आधी अंडं काढा, मग कानाचं भोक, मग तोंडापुढची जाळी. तीन दिवसांनी पहिलं हेल्मेट आईपुढे ठेवलं.

"कुकर छान आलाय. शिट्टी तेवढी राहिली."

महिनाभराने कुकरचं हेल्मेट झालं. हत्तीही जमला, समोरून तोंड आणि सोंड एका बाजूला वळलेली. हेल्मेटच्या दुसऱ्या अंगाला तोच लोगो उलटा काढतात, आरशात दिसतो तसा, म्हणजे सोंड दोन्हीकडून पुढेच राहते. मी जाम खूश. आईने चष्मा लावला आणि उलट्या हत्तीवर बोट ठेवलं.

"अगंबाई! हा तर उजव्या सोंडेचा!"

"आई, गणपती नाहीये तो. हत्ती आहे."

"तुझ्या म्हणण्याने काय होतंय? उजव्या सोंडेचा कडक असतो. त्याचं सोवळं कोण पाळणार? हे मेले चिखलात लोळणार!"

"मग दोन्हीकडे डावी करतो."

"म्हणजे एकीकडे सोंड मागे. पळपुटा दिसेल."

हे मात्र बरोबर होतं. दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी कुंपणापाशी जाऊन, दोन मीटरवरून, शेजाऱ्याला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा हसणार आणि आपण परत कचऱ्याच्या डब्यांवर येणार.

तो हसला नाही. "मी पन्नाशीचा झालो, पण माझी आई अजून टेबलावर नवे बूट ठेवू देत नाही, अपशकुन होतो म्हणते," म्हणाला. मग माझं चित्र घडी घालून खिशात टाकलं, "ग्रँड" म्हणाला आणि आत गेला. इथे ग्रँड म्हणजे उत्तम, बरं किंवा राहू दे, काहीही असू शकतं. अख्खा हिवाळा मी त्या एका शब्दावर डोकं खाजवत काढला.

वसंतात प्रॅक्टिसला परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात शेजारी, हातात हेल्मेट. एका बाजूला डाव्या सोंडेचा हत्ती. दुसरी बाजू कोरी.

"सगळी अशीच केलीत," तो म्हणाला. "तुझ्या आईला विचार, चालेल ना?"

मी आईला हाक मारली. आईने हेल्मेट हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, सोंडेवरून बोट फिरवलं आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला.

"उभं काय केलंयस त्याला? अंगणात खुर्ची दे. आणि विचार, साखर किती घालू?"