विलासरावांचा डावा कान

चार महिने झाले, माझ्या मांडणीवरची परात रोज दुपारी थरथरते आणि वर जाऊन सांगितलं तरी आवाज कमी होत नाही. हे आधी लिहिते. आता विलासरावांना साठीचा नमस्कार, वाचणाऱ्यांनाही. गौरवग्रंथाच्या मंडळींनी "मावशी, चांगलं तेवढंच लिहा" असं बजावलंय. एरवी मी विलासरावांना अरे-तुरे करते. इथे मान राखून लिहिते.

नाहूरच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायला आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. पहिल्याच दुपारी माझी भांडी नाचायला लागली. मी परात घेऊनच वर गेले. "तुझ्या गाण्याने ही खाली आली." त्यांनी वाद घातला नाही. खाली आले, मांडणीला हात लावून उभे राहिले आणि विचारलं, "आधी काय वाजतं?"

"आधी वाट्या. परात शेवटी."

तेव्हापासून तो नियमच झाला. गाणं तयार झालं की खिडकीतून हाक यायची, "मावशी, काय वाजलं?" वाट्या म्हटलं की काम झालं. परात म्हटलं की लगेच कमी करायचे. त्यांचं काम बाहेरच्या देशात ऐकतात म्हणे. ते माझ्या स्वयंपाकघरातून पास होऊन गेलेलं असतं.

त्यांच्या कामाला डब म्हणतात. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, गाणाऱ्याला बाहेर काढायचं, ढोल आणि खालचा घुमणारा आवाज ठेवायचा. मग मधेच एखादा शब्द सोडायचा, तो विहिरीत हाक मारल्यासारखा फिरत राहतो. मी म्हटलं, "मासा काढून नुसती आमटी वाढतोस." तर म्हणाले, "आमटी जमली ना मावशी, की मासा आठवतोच."

माझे मालक रोज जिन्यातून ओरडायचे, "अरे विलास, कमी कर." ते गेल्यावर तेरा दिवस वर मशीन लागलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं, तो ओरडा विलासरावांनी टेप करून ठेवला होता आणि एका गाण्यात घातलाय. मालक ओरडतात, ओरडतात, लांब जातात. मी एकदाच ऐकलं.

कांजूरच्या एका मंडळाची पोरं मिरवणुकीसाठी छाती हादरवणारं गाणं मागायला आली होती. विलासराव म्हणाले, "खाली म्हाताऱ्या बाईची परात वाजेल, एवढा आवाज मी देत नाही." पोरं दुसरीकडे गेली.

आता तेच रोज परात वाजवतात आणि विचारायला हाक मारत नाहीत. गेल्या आठवड्यात मी वर गेले. ते खुर्चीत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला. "विलास, चहा घेतलास का?" मान वळली नाही. बायको शैला आतून म्हणाली, "घेतला त्यांनी." मी म्हटलं, "आवाज वाढलाय." शैलाच म्हणाली, "नाही हो, तेवढाच आहे." मग मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते हसले. "मावशी, कधी आलात?"

जिन्यात शैलाने माझा हात धरला. "कुठे बोलू नका. कळलं तर काम कोण देईल?" म्हणजे डाव्या कानाचं तिला ठाऊक आहे. त्यांनाही असणार. या भीतीने मीही दोन दिवस हा कागद तसाच ठेवला. त्यांचं घर त्या कानांवर चालतं. पण झाकून ठेवलं तर दुसराही कान जाईल, मग लपवायलाही काही उरणार नाही. म्हणून लिहिलं. ज्यांना त्यांचं काम आवडतं त्यांनी त्यांच्याकडचं काम काढून घेऊ नये, उपचार होईपर्यंत थोडं थांबावं.

विलासरावांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे माझ्यासारखे न होवोत, भूक लागो, झोप लागो. साठीच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या कानाच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावलाय. शैला येईल, मीही येईन. डॉक्टर डावीकडून विचारोत की उजवीकडून, उत्तर विलासरावांनीच द्यायचं. ऐकू आलं नाही तर तसं म्हणायचं. शैला, तू गप्प बसायचंस.