खवणीवर बसलेला वर्ग

आमच्या शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका फुआतीनोबाई, त्यांना गप्प वर्ग बघवत नाही. मास्तरच बोलत राहिला तर पोरांची डोकी गंजतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून मधल्या सुट्टीत आम्हा मास्तरांना धरून त्या पोरांनीच चालवायच्या चर्चेचा बेत आखून द्यायच्या. मी कुठलाही प्रश्न काढून नेला की आधी विचारायच्या, "पेलेनातो, याचं उत्तर तुला ठाऊक आहे?"

"आहे की, बाई."

"मग खोड तो. तुला ठाऊक असलेलं पोरं कशाला शोधतील? तुझ्या तोंडाकडे बघत बसतील नुसती."

आमच्या या बेटावरच्या गावचे थोरले मुखिया तुइलोमा शाळा समितीचेही प्रमुख. लेकरांनी ऐकायचं असतं, बोलायचं नसतं, हा त्यांचा खाक्या. त्यांनी निरोप धाडला की शुक्रवारी मी स्वतः येतो. पोरं बोलली तर ठीक, नाहीतर हा चर्चेचा तास बंद, पुन्हा फळ्यावरचं उतरवून घ्या. बाई वर्षअखेरीला निवृत्त होणार होत्या. तास बंद पडला तर जन्मभर काय केलं मी, असं त्या एकदाच म्हणाल्या, पण मला ते फार लागलं. वर्ग माझा निवडला होता, त्यामुळे माझाही जीव टांगणीला.

तालमीसाठी बाईंनी पोरांना गावच्या सभाघरात नेलं. भिंती नाहीत, चहूकडून वारा, जागाही गोल. "पाठ खांबाला टेकून गोल बसा," बाई म्हणाल्या. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जो तो मुकाट, सभेत आपले आजोबा बसतात त्या मानाच्या खांबाशी जाऊन बसला. ज्यांच्या घराला खांबाचा मान नाही ती पायरीपाशी दाटीवाटीनं. मग ओकेतोपा उठला. त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या सभेत बोलण्याचा मान. त्यानं सगळ्या घराण्यांना वंदन केलं, पूर्वजांना केलं, समुद्रापलीकडून न आलेल्या पाहुण्यांनाही केलं. तो प्रश्नाशी पोचायच्या आत शाळेची घंटा झाली. बाकीच्यांनी माना तेवढ्या डोलावल्या.

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "चर्चा नाही झाली, पण सभा झकास झाली हो."

"हसताय काय बाई? शुक्रवारी आपलं हसं होणार आहे."

"चुकलंच माझं. खांब दिसला की आपला माणूस आपली पायरी शोधतो. पोरंही आपलीच." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझी पोरं सगळ्यात जास्त बडबडतात कुठे?"

"चुलीपाशी. तिथं तर कुणाचं तोंड मिटत नाही."

"मग वर्ग तिथंच भरवू," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी तुइलोमांचं जेवण माझाच वर्ग रांधणार होता. शाळेमागच्या रांधायच्या छपरात पोरं खवण्यांवर बसली, कुणी नीरफणस सोलू लागलं, कुणी अळूची पानं पुसू लागलं. तिथं कुणाच्या मानाचा खांब नसतो. प्रश्न होता गावाचा समुद्र वर्षभर मासेमारीला बंद करावा का. गावच्या मुखियांमध्येही त्यावर एकमत होत नव्हतं. चर्चा चालवायला बाईंनी निवडली लोसिवाले, त्या दिवशी पायरीपाशी बसलेली. तिला शिकवलं एवढंच, की स्वतः उत्तर द्यायचं नाही. "कशावरून?" आणि "अजून कोण?" एवढंच विचारायचं.

तुइलोमांना बाईंनी झावळ्यांच्या कुडाबाहेर चटईवर बसवलं; आम्ही दोघं कुडाच्या फटीशी उभे.

"मला लपवतेस होय गं?"

"सावलीत बसवतेय, आबा. शहाळं घ्या."

सुरुवातीला नुसताच खवण्यांचा खरखराट. मग लोसिवालेचा आवाज आला, "सिमी, तू रोज जातोस पाण्यात. बंद करावा का?"

"आणि खायचं काय? डब्यातली मासळी?"

"मासे उरलेतच कुठे?" एक मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"काल सकाळभर शिंपले वेचले. ओंजळसुद्धा भरली नाही."

ओकेतोपानं "समस्त पूज्यजनहो" म्हणून सुरुवात केली, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पुढ्यात नारळ सरकवला. "आधी हा खव." छप्पर हसण्यानं भरून गेलं. मग काय, सगळीच पेटली. निम्माच समुद्र बंद करा, नुसती जाळी बंद करा, आधी शेजारच्या गावाला आवरा. बाई कुडाला कान लावून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

एवढ्यात सिमी म्हणाला, "ठरवणारे पाण्यात उतरतात कधी? त्यांना काय कळतंय?"

तुइलोमा उठले आणि थेट आत गेले. "मी उतरत नाही म्हणतोस?"

खवण्या थांबल्या. सगळ्या माना खाली. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. संपलं, मला वाटलं.

लोसिवालेनं हातातल्या नारळावरची नजर काढली नाही. हळूच म्हणाली, "आबा, मेरेता बोलायची राहिलीय. तिच्यानंतर तुम्ही."

मी डोळेच मिटून घेतले. कुणी ओरडलं नाही. डोळे उघडले तर तुइलोमा लुंगी सावरून पोरांमध्ये बसकण मारत होते.

"हं, बोल गं मेरेता," ते म्हणाले.

मेरेता बोलली. चांगली ऐसपैस बोलली. मध्ये दोनदा आबांनी तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा आपलं आपणच मिटलं.