मांजर पक्की, दौलत कच्चा

डेपोत सागाचे लठ्ठे रचले की खाली सालपटं साचतातच. कोणी मुद्दाम जमा करत नाही. किस्स्यांचंही तसंच. गडचिरोलीकडच्या एका जंगल डेपोत मी चौकीदार होतो, तेव्हाचे हे काही. बहुतेक दौलतचे, आणि त्याच्या मांजरीचे.

*

दौलत माझ्यासोबत रोजंदारीवर होता. आज काम आहे, उद्याचं साहेबांना माहीत. एका जागी बसणं त्याला जमतच नसे. जीपचा आवाज आला की फाटकाकडे धावायचा. कोण आलं, काय हुकूम आणला.

मी म्हणायचो, "बस ना रे जरा."

"मले पक्कं होऊ द्या, भाऊ. पोरीले गडचिरोलीच्या शाळेत टाकलं का मंग बसतो."

*

ऑफिसात उंदरांनी कागद कुरतडले. बाबूंनी वर कळवलं. वरून मंजुरी आली, ऑफिसला एक मांजर ठेवावी आणि तिला रोज दूध द्यावं. दौलतनं घरची भुरी आणून दिली. तिला दूध पाजायचं काम त्यालाच मिळालं, पण रोजंदारीवरच.

मी म्हटलं, "मांजर पक्की झाली, तू कच्चाच."

"होऊ द्या, भाऊ. घरातलं कोणीतरी लागलं सरकारात."

*

गवळ्याकडून दूध त्याची पोर चंद्री आणायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, एक घोट पिऊ का?"

"नाई. ते सरकारी आहे."

चंद्री भुरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग मलेच लावा ना उंदरं पकडाले."

*

आयतं दूध मिळायला लागल्यावर भुरीनं शिकार सोडली. फायलींवर झोपून राहायची, उंदीर तिच्या शेपटीजवळून जायचे. बाबू म्हणाले, "काढून टाका हिला." दौलत धास्तावला. मांजर गेली की दूध गेलं, दूध गेलं की त्याचं कामही गेलं.

धानाची कापणी नुकतीच झाली होती. त्या दिवसांत आमच्याकडे शेताचे बांध खोदून उंदीर काढतात. दौलत त्यात तरबेज. मग रोज सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात मेलेल्या उंदरांची रांग लागायला लागली, आणि शेजारी भुरी अंग चाटत बसलेली.

बाबू चष्मा वर करून बघायचे. "काय गुबगुबीत आहेत रे. आपल्या कागदात एवढा कस असतो?"

"सरकारी कागद आहे जी," दौलत म्हणाला.

कागद मात्र कुरतडले जातच होते.

*

एक दिवस चांद्याहून मोठे साहेब तपासणीला आले. व्हरांड्यातली रांग पाहून खूश झाले. दौलत हात जोडून पुढे झाला. "साहेब, मले पक्कं करा जी."

"तू काय करतोस?"

"मांजरीले दूध पाजतो."

"म्हणजे काम मांजरच करते," साहेब म्हणाले, आणि बाबूंकडे वळले. "अशी मांजर आम्हाला चांद्याच्या ऑफिसात पाहिजे."

दौलतनंच भुरीला पोत्यात घातलं. परतीची वाट तिच्या ध्यानात राहू नये म्हणून पोतं रिवाजाप्रमाणे गोल फिरवलं, आणि जीपमध्ये ठेवलं. मांजर आत ओरडत होती. जीप सुरू झाली तरी त्यानं तिच्या मागच्या दांडीवरचा हात काढला नाही.

"साहेब, मीबी येऊ का?"

"तुझी जागा कुठे मंजूर आहे?"

"मंग तिथं उंदीर कोण पकडन?"

साहेब हसले. "अरे, मांजर नेतोय ना."

"हो जी," दौलत म्हणाला. "म्हणूनच इचारून राह्यलो."